न बोलणारें दुखणें : पोटांतील रोहिण्यांचे फुगवटे

दुखण्यांच्या दोन जाती आहेत. एक बोलकी व दुसरी मुकी. दाढ ठणकते, पोटांत मुरडा येतो, अंगांत ताप भरतो. हीं बोलकीं दुखणीं रोग्यास स्वस्थ बसूं देत नाहींत, तीं त्यास हाताला धरून डॉक्टरांच्या दारीं नेऊन उभें करतात. याच्या उलट मुकें दुखणें वर्षानुवर्षें शरीरांत घर करून राहतें, जेवणांत किंवा झोपेंत कसलाही व्यत्यय आणीत नाहीं, आणि एके दिवशीं अकस्मात् तोंड उघडतें तें घात करण्यासाठींच. पूर्वीं अशा दुखण्यांचा पत्ता बहुधा शवच्छेदनाच्या मेजावर लागत असे. आतां सोनोग्राफी व सी.टी. स्कॅन हीं साधनें गांवोगांवीं झाल्यामुळें, पाहावयास जावें पित्ताशयांतील खडा आणि सांपडावें भलतेंच, असे प्रसंग वारंवार येऊं लागले आहेत. पोटांतील लहान रोहिण्यांवर येणारा फुगवटा हा अशाच मुक्या दुखण्यांपैकीं एक होय. तो विरळा आहे. तथापि ज्या घरीं तो निघतो त्या घरास त्याचें विरळेपण काय कामाचें? म्हणून आज त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्थलवर्णन पाहूं. हृदयापासून शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीस आपल्याकडे रोहिणी म्हणण्याचा प्रघात आहे. सर्वांत थोरली ती महारोहिणी. ती छातींतून उदरांत उतरली म्हणजे पाठीच्या कण्यापुढून खालीं जाते व जातांना तिच्या पुढील अंगास तीन फांद्या फुटतात. पहिली फांदी आंखूड खोडासारखी आहे. तिच्यापासून जठर, यकृत आणि पांथरी म्हणजे प्लीहा या तिघांकडे एकेक शाखा जाते. दुसरी फांदी सर्व लहान आंतडें व मोठ्या आंतड्याचा पहिला भाग यांचें पोषण करिते. तिला ऊर्ध्व आंत्ररोहिणी म्हणूं. तिसरी, अधर आंत्ररोहिणी, उरलेल्या मोठ्या आंतड्याकडे जाते. महारोहिणीवर येणारा फुगवटा हा निराळा विषय आहे. तो उतारवयांतील पुरुषांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, बराच आढळतो. विख्यात शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांस तोच होता. १९४८ सालीं रुडॉल्फ निसेन या शस्त्रवैद्यानें तो सेलोफेननें वेष्टिला. १९५५ सालीं तो फुटला, तेव्हां त्यांनीं दुसरी शस्त्रक्रिया नाकारली, आणि त्यांतच त्यांचा अंत झाला. आमचा आजचा विषय आहे तो वर सांगितलेल्या फांद्यांवरील फुगवट्यांचा.

फुगवटा म्हणजे काय? रोहिणीची भिंत तीन पदरांची असते. सायकलच्या जुन्या ट्यूबला एके ठिकाणीं रबर पातळ होऊन टेंगूळ यावें, त्याप्रमाणें या भिंतीचा एखादा भाग दुबळा होऊन बाहेर फुगतो. तिन्ही पदर जागच्या जागीं राहून फुगले तर तो खरा फुगवटा. परंतु भिंतीस भोंक पडून रक्त बाहेर आलें व आसपासच्या मांसल भागांनींच तें कसेंबसें अडवून धरिलें, तर तो खोटा फुगवटा. नांवानें खोटा असला तरी घात करण्यांत हा खऱ्याहून वरचढ आहे, कारण त्यास स्वतःची भिंतच नसते. स्वादुपिंडाला सूज येऊन त्यांतील पाचक रस लगतच्या रोहिणीची भिंत पोखरतात, किंवा अपघातांत पोटास मार लागतो, तेव्हां बहुधा असा खोटा फुगवटा उत्पन्न होतो.

एकदां फुगूं लागलेली भिंत आपोआप मूळपदावर येत नाहीं, याचें कारण गणितांत आहे. फ्रेंच गणिती लाप्लास याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला नियम असें सांगतो कीं, आंतील दाब तोच राहिला तरी नळीची त्रिज्या दुप्पट झाली कीं भिंतीवरील ताण दुप्पट होतो. ताण वाढला कीं भिंत आणखी फुगते, आणि फुगली कीं ताण आणखी वाढतो. कर्जाच्या व्याजासारखाच हा प्रकार आहे.

या दुखण्याचा इतिहासही उद्बोधक आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत पांच प्रकारच्या ग्रंथी सांगितल्या असून त्यांत शिराज ग्रंथि म्हणून एक आहे. कित्येक विद्वान् तिचा संबंध या रोगाशीं जोडतात. ग्रंथकारांच्या सूक्ष्म अवलोकनाबद्दल आम्हांस अभिमान आहे. परंतु पोटाच्या खोल पोकळींतील रोहिणीचें ज्ञान त्या एका शब्दांतून ओढून काढणें हें पांडित्य होईल, सत्य होणार नाहीं. ग्रीक वैद्य अँटिलस यानें इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत हातापायांवरील फुगवट्याच्या वर व खालीं दोरा बांधून मधली पिशवी चिरण्याची रीत सांगून ठेविली होती. पुढें १७८५ सालीं लंडन येथें जॉन हंटर यानें एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील फुगवट्यास हात न लावतां वरच्या बाजूस मांडींतच रोहिणी बांधली, आणि तो पाय वांचला. मुख्य रस्ता बंद झाला तरी आडवाटांनीं रक्त पोंचतें, हें तत्त्व या शस्त्रक्रियेनें ठळकपणें पुढें आलें. आमच्या आजच्या विषयाची किल्ली याच तत्त्वांत आहे.

पांथरीच्या रोहिणीवरील फुगवटा १७७० सालीं बोसिए यानें प्रेतांत प्रथम वर्णिला. यकृताच्या रोहिणीवरील फुगवटा बांधून रोग्यास वांचविण्याचें श्रेय १९०३ सालीं जर्मन शस्त्रवैद्य हान्स केर यास मिळालें. परंतु बांधणें निराळें आणि जोडणें निराळें. १८९४ सालीं फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांस लियाँ शहरीं मारेकऱ्यानें सुरा मारला. पोटांतील मोठी नीला कापली गेली होती, आणि ती सांधण्याची विद्या कोणापाशीं नव्हती. त्याच शहरांतील तरुण वैद्य अलेक्सी कारेल याच्या मनाला ही गोष्ट लागून राहिली. त्यानें भरतकाम करणाऱ्या एका बाईपाशीं बारीक सुईचें काम शिकून रक्तवाहिन्या टांक्यांनीं जोडण्याची रीत सिद्ध केली, व १९१२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. आज रोहिणीचा तुकडा काढून तेथें दुसरी नळी बसविली जाते, ती या भरतकामाचीच पुण्याई होय. १९५३ सालीं डीबेकी व कूली या अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं ऊर्ध्व आंत्ररोहिणीवरील जंतुदूषित फुगवटा यशस्वी रीतीनें काढून टाकल्याचें प्रसिद्ध केलें.

आतां या फुगवट्यांची वांटणी कशी आहे तें पाहूं. यांपैकीं शेंकडा सुमारें ६० पांथरीच्या रोहिणीवर येतात, सुमारें २० यकृताच्या रोहिणीवर, आणि ५ ते ६ ऊर्ध्व आंत्ररोहिणीवर. उरलेले पहिल्या फांदीच्या मूळ खोडावर, जठराकडील शाखांवर, व स्वादुपिंडाभोंवतालच्या बारीक वाहिन्यांवर विभागलेले असतात. कारणेंही स्थानपरत्वें बदलतात. आंत्ररोहिणीवर हृदयाच्या पडद्यावरील जंतुसंसर्ग रक्तावाटे येऊन बसलेला पुष्कळदां आढळतो. स्वादुपिंडाभोंवतालच्या वाहिन्यांवरील फुगवट्याचें कारण मोठें मौजेचें आहे. मुख्य खोड जर अरुंद झालें असेल, तर यकृताकडे जाणारें रोहिणीचें रक्त या बारीक वाटांनीं वाहूं लागतें, आणि पायवाटेवरून लष्कर चालविल्यासारखी त्यांची दशा होते. यकृताच्या रोहिणीवरील फुगवटा मात्र कधीं कधीं बोलतो. पोटांत कळ, कावीळ व आंतड्यांतून रक्तस्राव हीं तीन लक्षणें एकत्र दिसल्यास त्याचा संशय घ्यावा, असें क्विंके यानें १८७१ सालीं सांगून ठेविलें. तीं तिन्ही एकत्र मात्र थोड्याच रोग्यांत दिसतात.

पांथरीच्या रोहिणीवरील फुगवटा हा विशेषेंकरून स्त्रियांचा रोग आहे. पुरुषांच्या मानानें त्यांच्यांत तो सुमारें चौपट आढळतो, आणि ज्यांचीं अनेक बाळंतपणें झालीं आहेत अशांत अधिक. गरोदरपणांत शरीरांतील रक्ताचें प्रमाण वाढतें, पांथरीकडील प्रवाह वाढतो, आणि त्या काळच्या अंतःस्रावांनीं रोहिणीच्या भिंतीचा चिवटपणा कमी होतो. हीच रोहिणी फुटण्याची वेळ, आणि तींतही शेवटचे तीन महिने अधिक धोक्याचे. एरवीं फुगवटा फुटला तर सुमारें चतुर्थांश रोगी दगावतात. गरोदरपणीं फुटला तर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत मातेच्या मृत्यूचें प्रमाण शेंकडा ७० च्या आसपास, आणि बालकाच्या मृत्यूचें ९० हून अधिक आढळलें आहे.

या फुटण्याची एक रीत घरांतल्या मंडळींनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कित्येकदां तें दोन पायऱ्यांनीं होतें. पहिल्यानें रक्त जठरामागील लहान कप्प्यांत सांचतें. तेथें तें कोंडल्यामुळें स्राव तात्पुरता थांबतो, रोगी सांवरतो, आणि ‘आलें होतें तें गेलें’ म्हणून घर निर्धास्त होतें. कांहीं वेळानें तो कप्पा भरून रक्त मोठ्या पोकळींत शिरतें, आणि मग हातीं फार थोडा अवधि राहतो. पहिल्या व दुसऱ्या पायरीमधला हा काळ देवानें दिलेली सवलत आहे. ती शेक देण्यांत व ओंवा चघळण्यांत घालवूं नये. डाव्या बरगडीखालीं एकाएकीं तीव्र कळ, ती डाव्या खांद्यापर्यंत जाणें, घेरी, दरदरून घाम, चेहरा पांढराफटक पडणें, हीं तीं लक्षणें. खांद्याच्या या कळेस वर उल्लेखिलेल्या केर याचेंच नांव आहे. पोटांतील रक्त श्वासपटलास टोंचतें व त्याची वेदना खांद्यास जाणवते.

या संबंधांत आमच्याकडे एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे, तें येथें घेणें उचित होईल. त्यांची धाकटी सून सत्तावीस वर्षांची, लग्नास दोन वर्षें झालेलीं. अपचनाच्या तक्रारीसाठीं सोनोग्राफी केली असतां पांथरीच्या रोहिणीवर १.८ सेंटिमीटरचा फुगवटा दिसला, सी.टी. स्कॅननें त्यास पुष्टि मिळाली. शस्त्रवैद्यांचें म्हणणें, गर्भधारणेपूर्वीं याचा बंदोबस्त करावा. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें, दुखत नाहीं तें कशाला छेडावें? आधीं मूल होऊं द्यावें, मग पाहतां येईल. शिवाय ‘माहेरच्यांनीं हें लपविलें’ अशी कुजबुज घरांत सुरू झाली आहे, ती निराळीच. भगिनी विचारतात, कोणाचें ऐकावें?

आम्ही डॉक्टर नव्हों. शाळेंत व्याकरण व गणित शिकविण्यांत आमचा जन्म गेला. तथापि जाणत्यांस विचारून व वाचून जें निश्चित कळलें तें सांगतों. अमेरिकेंतील रोहिणीशस्त्रवैद्यांच्या संस्थेनें २०२० सालीं या विषयाचे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले आहेत. त्यांप्रमाणें पांथरीच्या रोहिणीवरील खरा फुगवटा लक्षणरहित व ३ सेंटिमीटरहून लहान असेल, तर सामान्यतः ठराविक काळानें स्कॅन करून त्यावर नजर ठेवितां येते. परंतु ज्या स्त्रीस पुढें मूल होण्याचा संभव आहे, तिच्या बाबतींत हें माप लागू नाहीं. फुगवटा केवढाही असो, त्यावर उपाय करावा. खोटा फुगवटा, दुखरा फुगवटा व वाढता फुगवटा यांसही मापाची सवलत नाहीं. तेव्हां पत्रांतील वडील मंडळींचा क्रम अगदीं उलटा आहे. ‘आधीं मूल, मग उपाय’ म्हणजे आधीं पूर येऊं द्यावा व मग बांध घालावा असें म्हणणें होय. साठ वर्षांच्या गृहस्थास हाच फुगवटा असता तर ‘थांबा’ हा सल्ला शहाणपणाचा ठरला असता. सत्तावीस वर्षांच्या सुनेस तोच सल्ला तिच्या व तिच्या बालकाच्या जिवावर बेतूं शकतो.

कुजबुजीविषयीं एवढेंच सांगणें पुरे कीं, जो फुगवटा त्या मुलीस स्वतःला ठाऊक नव्हता तो तिच्या आईबापांनीं लपविला कसा? दृष्टीआडच्या रोहिणीचा जाब विहिणीस विचारणें हा अन्याय आहे. तिला आज दोषापेक्षां धीराची गरज आहे. शरीर तिचें आहे. डॉक्टरांपुढें बसतांना प्रथम तिला बोलूं द्यावें, तिच्या शंका तिनें स्वतः विचाराव्या, आणि निर्णयांत तिचा शब्द पहिला असावा.

आतां उपाय काय करितात तें पाहूं. पांथरीची रोहिणी सुमारें अर्ध्या सेंटिमीटर जाडीची, नागमोडी वळणाची वाहिनी आहे. फुगवटा तिच्या आरंभाजवळ किंवा मध्यावर असेल तर शस्त्रवैद्य त्याच्या दोन्ही बाजूंस रोहिणी बांधतात आणि फुगवटा काढून टाकितात किंवा प्रवाहाबाहेर ठेवितात. नवी नळी जोडण्याची बहुधा गरज पडत नाहीं, कारण जठराकडील लहान वाहिन्यांच्या आडवाटेनें पांथरीस रक्त मिळत राहतें. हंटरच्या गाडीवानाचा पाय ज्या तत्त्वानें वांचला तेंच हें तत्त्व. फुगवटा पांथरीच्या अगदीं दाराशीं, वाहिनीला फांटे फुटतात तेथें असेल, तर मात्र पुष्कळदां पांथरीच काढावी लागते. पांथरी गेली कीं कांहीं जंतूंशीं लढण्याची शक्ति उणी होते. म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हीमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी, शक्य तर शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधीं, देतात, आणि पुढें जन्मभर ताप आल्यास हयगय न करितां डॉक्टरांस गांठावें लागतें.

यकृताच्या बाबतींत निसर्गानें दुहेरी सोय केली आहे. यकृताचें बहुतेक रक्त आंतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नीलेंतून मिळतें, आणि रोहिणीच्या मूळ भागास खालून येणाऱ्या एका शाखेचा आधार असतो. त्यामुळें त्या शाखेच्या अलीकडील फुगवटा बांधून टाकणें बहुधा सोसतें. पलीकडचा असेल तर पायांतील नीलेचा तुकडा घेऊन वाट पुन्हा जोडावी लागते. येथें २ सेंटिमीटरहून मोठा फुगवटा उपचारयोग्य मानितात. आंत्ररोहिणीचा मामला सर्वांत नाजूक आहे. तेथील फुगवटा मापाचा विचार न करितां, आढळतांच उपचारावा असा नियम आहे. शस्त्रवैद्य प्रथम वाहिनी चिमट्यानें तात्पुरती बंद करून आंतड्याचा रंग पाहतात. आंतडें तांबूस व हलतें राहिलें तर आडवाटा पुरेशा आहेत. काळवंडूं लागलें तर नवी वाट जोडण्यावांचून गत्यंतर नाहीं. जंतुसंसर्ग असेल तेथें कृत्रिम नळी टाळून रोग्याच्याच पायांतील नीला वापरतात.

पोट न उघडतां करण्याचीही एक रीत आतां चांगली रुळली आहे. जांघेंतून किंवा मनगटांतून बारीक नळी रोहिणींत सरकवीत, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, ती फुगवट्यापर्यंत नेतात, आणि तेथें धातूच्या बारीक तारेचीं वेटोळीं भरून प्रवाह बंद करितात. पांथरीच्या रोहिणींत मागूनही रक्त येतें, म्हणून पुढचें दार व मागचें दार दोन्ही बंद करावीं लागतात. जेथें प्रवाह चालू ठेवणें अवश्य, तेथें आच्छादित स्टेंट, म्हणजे कापडाचें अस्तर असलेली जाळीची नळी, आंतून बसवितात. रोहिणीची रचना अनुकूल असेल तर पांथरीच्या फुगवट्यासाठीं प्रथम याच रीतीचा विचार होतो. रोगी लवकर हिंडूंफिरूं लागतो. मात्र तारा भरल्यावर पांथरीचा कांहीं भाग सुकून थोडे दिवस ताप व दुखणें होऊं शकतें, आणि बंद केलेली वाट पुन्हा उघडली नाहीं ना हें पाहण्यासाठीं पुढें अधूनमधून स्कॅन करावे लागतात. उघडी शस्त्रक्रिया शरीरास जड, पण अधिक टिकाऊ. दोहोंतून निवड करतांना फुगवट्याचें स्थान, रोग्याचें वय व त्या रुग्णालयाचा अनुभव या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

म्हणून ज्यांच्या घरीं असा अहवाल येईल त्यांनीं डॉक्टरांस हे प्रश्न अवश्य विचारावे. फुगवटा नेमका कोणत्या रोहिणीवर आहे? खरा कीं खोटा? माप किती, आणि आधींचा स्कॅन असल्यास वाढला आहे काय? तारा भरणें व उघडी शस्त्रक्रिया या दोन्ही सोयी येथें आहेत काय? पांथरी वांचेल काय, आणि न वांचल्यास लसी केव्हां घ्यावयाच्या? थांबावयाचें ठरलें तर पुढचा स्कॅन केव्हां? उत्तरें वहींत तारखेसह लिहून ठेवावीं आणि स्कॅनचे कागद व चकती जपून ठेवावी. तुलनेसाठीं पुढें त्यांचाच उपयोग होतो. फुगवटा असलेली स्त्री गरोदर असेल तर तिच्या प्रसूतितज्ज्ञास ही गोष्ट पहिल्याच भेटींत सांगावी. आणि वर वर्णिलेली कळ आली तर, मग ती शमली असली तरीही, रक्तपेढी व शस्त्रवैद्य जेथें रात्रंदिवस हजर असतात अशा मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरावा व दारांतच फुगवट्याची गोष्ट सांगावी. नाहीं तर गर्भाशयाच्याच दुखण्याचा संशय घेतला जाऊन अमूल्य वेळ जातो.

मुक्या दुखण्याविषयीं भीति बाळगून जगावें असा या लेखाचा हेतु नाहीं. प्रत्येक पोटदुखींत फुगवटा शोधीत बसणें हें वेड होईल. परंतु यंत्रानें जें दाखविलें आहे त्याकडे केवळ तें दुखत नाहीं म्हणून पाठ फिरविणें हेंही शहाणपण नव्हे. आमच्या घरांतून ‘सोसणें’ हा स्त्रियांचा सद्गुण मानण्याची चाल फार जुनी आहे. येथें तर सोसावयासही कांहीं नसतें. दुखण्यापूर्वींच उठावें लागतें. तेवढें उठण्याचें बळ घरानें आपल्या लेकीसुनांस द्यावें, इतकीच आमची विनंति आहे.